आडवा र

३ नोव्हेंबर, सोमवार

हेरंब येऊन गेला. पेढे घेऊन! यंदा या घराला आकाशकंदील लागला नाही, करंजी तळली नाही, आणि हा पेढे घेऊन. मृणालिनीने बॉक्स घेतला, ओट्यावर ठेवला, वर ताट झाकलं. मुंग्या लागतील. लागू देत.

"काका, इरावती गेल्यापासून संस्था अर्धी झालीय हो." हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं — "पण आता एक चांगली बातमी आहे." माणसाने मध्ये चहाचा एक घोट तरी घ्यावा!

चांगली बातमी अशी की संस्थेचं काम सिंगापूरच्या एका मोठ्या कंपनीकडे जाणार. संस्था म्हणजे कोकण नामसंस्था, लालबागला एका जुन्या गाळ्यात. हेरंब तिचा चिटणीस. शेजारच्या दर्शनाताई अजून विचारतात, तुमची इरा तिथे नक्की काय करायची? इतकी वर्षं सांगतोय — इंटरनेटवरच्या पत्त्याला शेवटी एक ठिपका असतो आणि ठिपक्यापुढे एक शब्द. कुणाचा डॉट कॉम, कुणाचा डॉट इन. तसा आपल्या मुलखाचाही एक आहे, '.कोकण'. तो शब्द सांभाळणारी जी मंडळी, त्यांच्यात आमची इरा. त्या ठिपक्याआधी कुठली नावं लागतील, कुठली अक्षरं चालतील, यंत्रं बंद पडली तर कुणाला फोन करायचा, हे सगळं तिच्याकडे. दर्शनाताई म्हणतात, म्हणजे सरकारी का? नाही. मग खाजगी? तसंही नाही. मग त्या मान हलवतात आणि कोथिंबीर मागतात.

हेरंबला माझ्याकडून काय हवंय ते त्याने निघताना, चपला घालता घालता सांगितलं. जगातल्या अशा सगळ्या शब्दांची एक मूळ यादी असते. ती परदेशातलं एक कार्यालय ठेवतं. त्या यादीत '.कोकण'पुढे दोन माणसांची नावं आहेत. प्रशासकीय संपर्क हेरंब. तांत्रिक संपर्क इरा. शब्द दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा तर दोघांना मेल येतो आणि दोघांनी 'मान्य' म्हणावं लागतं.

"तिचा फोन तुमच्याकडे चालू आहे ना, काका? एक बटण दाबायचं फक्त."

फोन चालू आहे. फ्रिजवर असतो.

४ नोव्हेंबर

काही वाटलं नाही. लिहून ठेवतो, कारण मृणालिनी विचारते, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? पेढे कमलाबाईंना दिले, भांडी घासून जाताना.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा झाला की इराच्या लॅपटॉपवर ती मूळ यादी उघडतो. कुणालाही उघडता येते, गुपित काही नाही. '.कोकण' शोधायचं. खाली इंग्रजीत इरावती कऱ्हाडकर, पत्ता लालबागचा, फोन नंबर. नंबर म्हणजे फ्रिजवरचाच. तेवढं वाचायचं आणि बंद करायचं. पेपर नंतर.

आज मृणालिनीने पाहिलं. "कशाला बघता रोज?"

म्हटलं, इरा म्हणते पत्ते अधूनमधून तपासावेत.

"म्हणायची," ती म्हणाली. "म्हणायची म्हणा हो."

आता ही मला व्याकरण शिकवणार! तिने आमटीला फोडणी दिली आणि मग ती स्वयंपाकघरात रडली. मला ऐकू येत होतं. मी पेपर वाचला. अग्रलेखसुद्धा वाचला, जो मी कधी वाचत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

फ्रिजवरचा फोन वाजला. कर्ज देणारे, कार्ड देणारे वाजवतातच, मी उचलत नाही. आज काचेवर नाव आलं — 'मालन भाकऱ्यो'. इराने असंच साठवलंय. उचलला.

"ताई? मी मालन, लालबागसून. माका पत्र इला. माझा नाव बंद करतले म्हणतत. कित्या? माझी भाकरी वायट हा?"

म्हटलं, मी इराचा बाबा बोलतोय.

"मगे ताईक देवा."

"ती घरी नाही."

"इली काय फोन करूक सांगा हां. माझो तवो तापलो हा." आणि ठेवला.

घरी नाही. यात खोटं काय आहे? मृणालिनी मागे उभी होती. बघत राहिली आणि मग गॅलरीतले कपडे काढायला गेली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लालबागला जाऊन आलो. प्रभादेवीचा पूल पाडायला घेतल्यापासून पलीकडे जायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम. टॅक्सीवाला सबंध रस्ताभर महापालिकेला शिव्या देत होता. मी हो हो म्हणत होतो.

संस्थेत हेरंब नव्हता, ते बरंच झालं. प्राची होती. इराच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, आता एकटीच सगळं बघते. इराच्या टेबलावर तिचा कप तसाच. त्यात पेनं ठेवलीत.

मालनबाईंना कसलं पत्र गेलं, विचारलं. प्राचीने दार लोटून घेतलं.

मराठीत अर्धा र दोन तऱ्हांचा. एक डोक्यावर चढतो, तो रफार — सूर्य, दर्या. दुसरा आडवा होतो — भाकऱ्या, पायऱ्या, दोऱ्या. हिंदीचं या आडव्यावाचून काही अडत नाही. सिंगापूरवाल्यांकडे देवनागरीसाठी अक्षरांची एकच यादी, हिंदीवरून केलेली, आणि तिच्यात हा नाही. मग ज्यांच्या नावात तो आहे, जसं मालनबाईंचं 'भाकऱ्यो.कोकण', त्यांचं काय? मुदत संपेपर्यंत चालेल. पुढे नूतनीकरण नाही. हवं तर रफार घालून नवीन नाव घ्या.

"भाकर्यो!" प्राची म्हणाली आणि हसली. "बोलून बघा काका. भार्या वाटते कुणाची तरी!" आणि हसता हसताच — "ताई असती ना, तर —" पुढे रडू. मी तिच्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. जमेल तेवढं केलं.

निघताना एक विचारलं. संस्थेच्या मेलऐवजी इराने स्वतःचा घरचा मेल आणि स्वतःचा फोन का दिला त्या यादीत? प्राची म्हणाली, नियमच आहे तसा. '.कोकण' बंद पडलं तर '.कोकण'वरचा मेलही बंद. "घराला आग लागली तर बंबवाल्यांना फोन करायला फोन घराबाहेर हवा ना, काका."

म्हणून तो आमच्या फ्रिजवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

या आडव्या र-साठी इरा दीडेक वर्ष भांडली. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून, कानाला ते यंत्र लावून. दिल्लीचे, काठमांडूचे, कुठकुठले लोक समोरच्या पडद्यावर. माझं ताट मी हातात घेऊन टीव्हीसमोर. तिचं इंग्रजी कानावर पडायचं. एकदा म्हणाली, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. कोकणाला दोन्ही आहेत हो, तुम्ही एकच देताय! त्या पडद्यावरच्या लोकांनी विचार करून सांगतो म्हटलं. ते नेहमीच विचार करून सांगत.

तशी ती हट्टी लहानपणापासून. त्यात आमचं आडनाव कऱ्हाडकर. विजेच्या बिलावर एक, रेशनकार्डावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'कर्हाडकर' आलं तर ही पोरगी ती घेऊन बोर्डात गेली, बदलून आणली. मी म्हटलं होतं, जाऊ दे ना, काय फरक पडतो. तर चार दिवस अबोला.

तो र मंजूर झाला त्या दिवशी जिन्यातूनच ओरडत आली. "बाबा, पायऱ्या आल्या!" मला वाटलं सोसायटीने जिना दुरुस्त करायला काढला.

हे लिहिताना वाटलं होतं, आता काहीतरी वाटेल. नाही वाटलं. जीभ भाजली की पुढचे घास नुसते गिळायचे, तसं चाललंय.

१५ नोव्हेंबर

इराच्या फोनचं रिचार्ज केलं. मृणालिनी म्हणाली, "पुन्हा?" म्हटलं, हो, पुन्हा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी बेल. दारात एक बाई, ठसठशीत कुंकू, हातात स्टीलचा मोठा डबा. "ताई आसा?" आवाजावरून ओळखलं — मालनबाई. फोनची वाट बघून बघून पत्ता काढून आल्या होत्या.

मी म्हटलं, बसा. आणि मृणालिनीला हाक मारून आतल्या खोलीत गेलो. सांगायचं काम तिचं. जूनपासून ते तिचंच आहे — दूधवाला, बँक, इराच्या कॉलेजच्या मैत्रिणी, सगळ्यांना तिनेच सांगितलं. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसात, मेंदूत रक्तस्राव, परळला नेलं, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. तिला आता पाठ झालंय. शब्द इकडचा तिकडे होत नाही.

बाहेरून मालनबाईंचा आवाज आला, "गो बाय माझे!" मग दोघींचा मिळून. मी पंख्याकडे बघत बसलो. पंख्याची पाती पुसायला झालीत.

बऱ्याच वेळाने बाहेर गेलो. डबा उघडलेला, तांदळाच्या भाकऱ्या, अजून गरम. मालनबाई पदराने डोळे पुसत मला सांगायला लागल्या. लालबागला चाळीच्या खोलीत एकटीने सुरू केलं, आता रोज डबे जातात, दादर, परळ, पार वडाळ्यापर्यंत. "ता नाव ताईन माका करून दिल्यान. एक पैसो घेवक नाय. गिऱ्हाइकांका तोच पत्तो म्हायत हा."

म्हटलं, भाकऱ्या छान आहेत.

"भाकऱ्या तुमच्यो," म्हणाल्या. "आमच्यो भाकऱ्यो. पैल्या दिवशी ताईन इचारल्यान, मालनताई, तुम्ही काय म्हणता? मी म्हटलंय, भाकऱ्यो. तिना तसाच लिवल्यान. हेरंबसायबान सांगल्यान होता, शुद्ध लिवा म्हणान. ताई म्हणाली, ह्याच शुद्ध."

मृणालिनी हसली. रडून लाल झालेल्या तोंडाने हसली! कित्येक महिन्यांनी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मऊ होत्या. कशाबरोबर खाल्ल्या ते आठवत नाही.

जाताना मालनबाई मला म्हणाल्या, "काका, आता माझ्या नावाचा काय?" मी म्हटलं, बघतो. आयुष्यभर विमा कचेरीत टेबलापलीकडच्या माणसाला हेच म्हणत आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मेल आला. सकाळी फोन चार्जिंगवरून काढला तर काचेवर इंग्रजीत ओळ. 'प्रिय इरावती.' त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आत लिहिलंय, '.कोकण' सांभाळणारी संस्था बदलण्याचा अर्ज आला आहे, आपण तांत्रिक संपर्क आहात, आपली संमती हवी. खाली दोन बटणं. मान्य. अमान्य. मुदत पंधरा डिसेंबर.

फोन पुन्हा फ्रिजवर ठेवला.

हेरंबचा फोन दुपारी. आला का? आला. दाबलं का? नाही. "दाबा ना, काका." म्हटलं, कुणाच्या नावाने दाबू? तर म्हणाला, "तसं काही नसतं हो, कॉम्प्युटर आहे तो."

सगळी नोकरी विमा कचेरीत गेली. वारसाने घरबसल्या मयताच्या नावाची सही ठोकून पाठवलेले कितीतरी अर्ज मी परत केलेत. हेरंबला ते काय सांगणार?

१ डिसेंबर, सोमवार

आज हेरंब आला तो पेढे न घेता. कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं बगलेत. ते त्याने सोफ्याला टेकवून ठेवलं.

तो वाईट माणूस नाही. खूप बोलला. संस्थेचे पैसे संपत आलेत. पाच माणसं आहेत, त्यांचे पगार आहेत. सिंगापूरवाले ही पाचही माणसं ठेवून घेणार. "मीसुद्धा तिच्याबरोबर उभं केलंय हे सगळं, काका. मला काय हौस आहे का द्यायची?" खरं बोलत होता. एका अक्षरासाठी सगळं बुडवायचं का, म्हणाला. थोडीच नावं आहेत तशी.

मग जरा पुढे सरकून हळूच — "आणि यादीतलं तिचं नाव आम्ही हलवणार नाही. हस्तांतर झालं तरी तांत्रिक संपर्क इरावतीच. काम दुसरं कोणी करेल, नाव तिचं राहील. कोण तपासतंय? तुम्ही रोज बघता ना? बघत राहा."

हे त्याला मृणालिनीने सांगितलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान वळवली.

मी हो म्हणणार होतो. इथे खोटं कशाला लिहू? नाव राहणार होतं. रोज सकाळी, चहानंतर, पेपरच्या आधी. मला दुसरं काय हवंय? मी फ्रिजकडे जायला उठलोसुद्धा.

तेवढ्यात त्याने कापड सोडलं. संस्थेच्या बैठकीच्या खोलीला इराचं नाव द्यायचं ठरलंय, त्याची पाटी. काळ्यावर सोनेरी. चांगली जड होती.

'इरावती कर्हाडकर सभागृह.'

रफार!

हेरंबच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणाला, "नव्या कंपनीच्याच यंत्रणेतून करून घेतली. मराठीची चाचणीपण झाली." मी पाटीकडे बघत राहिलो. त्याला वाटलं, मला भरून आलंय. खांद्यावर हात ठेवला त्याने.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२ डिसेंबर

राग आला आहे. जूनपासून पहिल्यांदा आत काहीतरी हललं, तर ते हे. बरं वाटतंय. जेवणही गेलं. मृणालिनीने विचारलं, काय झालंय? म्हटलं, आडनाव चुकवलं.

३ डिसेंबर, बुधवार

प्राचीला फोन केला. म्हटलं, अमान्य दाबलं तर?

ती म्हणाली, नाही चालणार काका. ते कार्यालय कारण विचारेल. तुम्हाला नाही, ताईला विचारेल. ताईच्या नावाने उत्तर कोण देणार? आणि पंधरा तारखेपर्यंत काहीच केलं नाही, तर हेरंबसर पुन्हा अर्ज करतील.

मग म्हणाली, एक आहे. अर्जात लिहिलंय की दोन्ही संपर्क कार्यरत आहेत. त्या कार्यालयाला ताईबद्दल कुणी कळवलेलंच नाही. हेरंबसर नंतर बघू, नंतर बघू करत राहिले. ते त्यांना कळलं तर अर्ज परत येतो. आधी नवा तांत्रिक संपर्क नेमा, सभासदांची सभा घ्या, अक्षरांच्या नियमांवर हरकती मागवा. सगळं उघडपणे करावं लागेल. मालनताईंसारख्यांना बोलता येईल. र वाचेलच असं नाही, पण कुणाला न विचारता जाणार नाही.

"कळवायचं कुणी?"

"घरच्यांनी. दाखल्यासकट." आणि मग, "पण काका, कळवलं की त्याच आठवड्यात ताईचं नाव काढतात ते. मला तुमच्याशी बोलायलाच नको होतं."

म्हटलं, बरं केलंस.

म्हणजे असं आहे. बटण दाबलं तर तिचं नाव राहतं आणि ती ज्याच्यासाठी भांडली ते जातं. कळवलं तर ते कदाचित राहतं आणि ती जाते. दोन्ही मला हवंय. दोन्ही देणारं टेबल कुठल्याच कचेरीत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

चैत्यभूमीच्या रांगा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. दरवर्षीसारखं इमारतीतर्फे खाली पाणी आणि बिस्किटं वाटली. मीही उभा राहिलो. जालन्याहून आलेल्या एका आजींनी, पाण्याचा ग्लास परत देताना, सहज विचारलं, घरी कोण कोण असतं बाबा? म्हटलं, बायको आणि —

पुढचा ग्लास भरला.

९ डिसेंबर, मंगळवार

मृणालिनीला विचारलं, तो कागद कुठे आहे?

"कुठला?"

"तो."

तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. कपाटातून आणून दिला. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता. मी तो आजपर्यंत पाहिला नव्हता. वॉर्ड ऑफिसला तीच गेली होती, रांगेत तीच उभी होती. मी त्या दिवशी कुठे होतो? घरीच असणार. पेपर वाचत असेन.

नाव बरोबर आहे. कऱ्हाडकर. आडवा र. मी विचारलं, पहिल्यापासून असंच होतं? ती म्हणाली, "नाही. चुकवलं होतं त्यांनी. मी परत पाठवून बदलून आणलं." मग म्हणाली, "ती चार दिवस बोलली नसती माझ्याशी."

फोनवर फोटो काढला. पत्र लिहायला बसलो, इंग्रजीत. तीन ओळींचं पत्र. आपल्या यादीत '.कोकण'चा तांत्रिक संपर्क म्हणून जिचं नाव आहे, ती माझी मुलगी — आणि पुढे शब्द हवा. आमच्या कचेरीत माणूस 'एक्सपायर' व्हायचा आणि पॉलिसी 'लॅप्स'. हजारदा लिहिलाय. पण इराच्या कामात नावं एक्सपायर होतात. वेळेवर पैसे भरले की परत चालू. तो शब्द नको वाटला.

चहा गार झाला. मृणालिनीने दुसरा आणून ठेवला, तोही गार झाला.

शेवटी साधा लिहिला. 'डाइड.' पाठवलं.

काही वाटलं नाही. दोन्ही गार चहा पिऊन टाकले.

१६ डिसेंबर, मंगळवार

त्यांचं उत्तर माझ्या नावाने आलं. दिलगीर आहोत. कळवल्याबद्दल आभार. हस्तांतराचा अर्ज संस्थेकडे परत पाठवत आहोत. नोंद लवकरच दुरुस्त केली जाईल. चांगलं, सभ्य पत्र आहे.

हेरंबचा फोन. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "पाच जणांच्या पोटावर पाय दिलात, काका." मी ऐकून घेतलं. त्याचंही चुकत नाही. संस्था तगली तर तगेल, नाही तर र-ही जाईल आणि ही माणसंही. पाटीचं काय करू, विचारलं त्याने. म्हटलं, दुरुस्त होत असेल तर बघ.

संध्याकाळी मालनबाई आल्या. आता हरकती मागवणार असा प्राचीचा निरोप त्यांनाही गेलाय. मृणालिनी त्यांची हरकत लिहून देत होती. मध्येच एकदा तिने विचारलं, "भाकऱ्यो पहिल्या ओळीत घालू की शेवटी?" मालनबाई म्हणाल्या, "सगळीकडे घाला!"

मला कोणी काही विचारलं नाही. मी भाजी आणायला खाली गेलो आणि मेथी विसरून आलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

यादी उघडली. तांत्रिक संपर्क प्राची. फोन नंबर दुसरा.

स्वयंपाकघरात गेलो. मृणालिनी खाली बसून मटार सोलत होती. म्हटलं, "अगं, इरा गेली."

हातातली शेंग तिने परातीत ठेवली. "आलात?" म्हणाली. "बसा. सहा महिने मी एकटीच आहे हो इथे."